आपला मार्कस

ती. नीलूताई,

हे असतानाची एक सकाळ आठवते. मी कणीक मळत होते आणि हे पेपर नाचवत आत आले. "कणीक राहू दे गं, आपला मार्कस बघ, पेपरात फोटो आलाय!" इथल्या गावच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीममधली मुलं ह्यांना घरचीच वाटायची.

हे गेल्यावरही मी सामन्यांना जाते. मार्कस लांबूनच "हाय आंटी!" म्हणायचा. आता इथे अमेरिकेत कॉलेजं खेळाडूंना पैसे देतात. दुसऱ्या कॉलेजनं जास्त देऊ केले आणि तो तिकडे गेला. आपला परीक्षित म्हणतो, "आई, मीपण जॉब बदललाच ना?" खरंय. मार्कसची आई एकटी कमावते. पण ह्यांनी पाहिलेला तो शेवटचा पोरगा. नवी मुलं वर्षभरात निघून जातात. उद्या तिथे ह्यांच्या ओळखीचं कोण उरेल, याची धास्ती वाटते.

बाकी मी ठणठणीत आहे, जेवतेही वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

शनिवारी मार्कस आमच्याच टीमविरुद्ध खेळणार होता. शुक्रवारभर मला सुचेना, टाळ्या कुणासाठी वाजवू? "आपली टीम ती आपली," असं हे म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी मार्कसनं पहिला बॉल बास्केटमध्ये टाकला आणि मी उभी राहून टाळ्या वाजवल्या.

तुझी,
कांचन