स्वस्तातला माइक आणि तुमचं ‘वा’

तीर्थरूप काकांना,

साष्टांग नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे हे आधी विचारायची पद्धत आहे, म्हणून विचारतो. तुम्हाला जाऊन वर्ष उलटलं, तेव्हा ती आता आणखी बिघडायची भीती नाही, हे त्यातल्या त्यात समाधान. पाकिटावर ‘ती.’ लिहावं की ‘कै.’ यावर मी बराच वेळ पेन चावत बसलो होतो. ‘कै.’ पाहून तुम्ही पत्र न फोडताच परत पाठवलंत तर (आणि ते खरोखरच परत आलेलं बघायची माझ्यात हिंमत नाही) म्हणून ‘ती.’च ठेवलं आहे. पत्त्याचा प्रश्न त्या मानानं लवकर सुटला. मावशी गायला जाताना तुमचा करडा कोट अजूनही बरोबर नेते आणि तुमच्या नेहमीच्या खुर्चीच्या पाठीला अडकवते. त्या कोटाच्या आतल्या खिशात हे पत्र घालणार आहे. इकडे सगळं ठीक. लोकांचे डोळे नेमानं बिघडत असल्यामुळे चष्म्याचं दुकान चाललं आहे. माझे कान बिघडले आहेत की नाहीत हे मात्र ठरायचं आहे, आणि त्यासाठीच हा पत्रप्रपंच.

त्याचं असं झालं. तुम्ही गेल्यापासून मावशी गाते, पण आपण कसं गायलो हे तिला कळेनासं झालं आहे. लोक ‘छान झालं’ म्हणतात. (छान तर माझं दुकान झाडूनही होतं, असं ती म्हणते.) एक दिवस ती दुकानात आली, काउंटरवर पर्स ठेवली आणि म्हणाली, “मला एकदा मी ऐकव. लोकांसमोर गाताना असते तशी. ऐकून बरं वाटलं तर गाईन, नाहीतर यंदा थांबवते.” एवढं बोलून नाकावर घसरलेला चष्मा वर केला आणि गेली. गाणं थांबवलेली मावशी घरात काय करील याची मला कल्पना करवेना. शिवाय तिनं जाता जाता अट घातली होती, की माइक तिला दिसता कामा नये. समोर काही उभं दिसलं की ती लोकांना सोडून त्यालाच गात बसते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

मग लहान, स्वस्त आणि न दिसणारा माइक शोधायला मी आपल्या गल्लीतल्या ‘फ्यूज’कडे गेलो. (तोच, तुमचा रेडिओ दुरुस्त करता करता दोन बिघाड जास्त काढून द्यायचा तो.) त्यानं पहिल्यांदा शर्टाच्या बटणासारखा एक माइक दिला. वाचनालयाच्या वरच्या दिवाणखान्यात मावशीची दर महिन्याची मैफल असते, तिथे तो छातीशी लावून बसलो. घरी येऊन ऐकलं तर मावशी लांब कुठेतरी, आणि माझं पोट अगदी जवळ. मी दुपारी जेवलो नव्हतो, त्यामुळे पोटानं संपूर्ण मैफलभर स्वतंत्र कार्यक्रम सादर केला होता. फ्यूज म्हणाला, माइक शरीरापासून दूर हवा आणि दोन हवेत, डाव्या कानाशी एक, उजव्या कानाशी एक, म्हणजे ऐकताना कोण कुठे बसलं आहे हेसुद्धा कळतं. त्याच्याकडे तुरीच्या दाण्याएवढ्या माइकांची एक जोडी होती, स्पंजच्या इवल्या टोप्यांसकट, आणि इतकी स्वस्त की मला आधी संशयच आला. ती मी एका जाड फ्रेमच्या दोन्ही काड्यांवर बसवली, वायर कॉलरमागून खिशातल्या रेकॉर्डरपर्यंत नेली आणि फ्रेम घालून, काउंटरच्या आरशात पाहून डावं-उजवं नीट लावलं. इतकी वर्षं लोकांना दिसायचे चष्मे विकले, आता हा ऐकायचा चष्मा झाला म्हणून स्वतःवरच खूश होतो.

पुढची मैफल झाली आणि रविवारी भर दुपारी दुकान बंद करून मी मागच्या खोलीत ती ऐकायला बसलो. हेडफोन लावले. काय सांगू काका, दिवाणखानाच उभा राहिला. समोर मावशी, मागे कुणाचा तरी खोकला, वर पंखा. मावशी गाण्यातल्या एका खास जागेच्या दिशेनं निघाली, त्या सुरांपर्यंत अजून पोचली नव्हती, आणि माझ्या डाव्या कानाशी, श्वास लागेल इतक्या जवळून, कुणीतरी म्हणालं, “वा.” त्यानंतर तिनं ती जागा घेतली. मी मान फिरवली. डावीकडे नुसत्या फ्रेमा, ओळीनं लावलेल्या, आणि एकीतही डोळे नाहीत. रोज पुसतो त्या फ्रेमांची मला त्या दिवशी भीती वाटली.

जागा घ्यायच्या आधीच ‘वा’ म्हणणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला आहे. पाहुणा जिना चढायच्या आत दार उघडून उभं राहावं, तसं तुमचं असायचं. त्यावरून मावशी घरी येईपर्यंत तुमच्याशी भांडायची (“अजून मी घेतलीही नव्हती, आणि हे वा म्हणून मोकळे!”) आणि तुम्ही तोंडात पेपरमिंट ठेवून गप्प. पण मी स्वतःला समजावलं, की दुनियेत आणखीही उतावळे लोक असतील. एकच अडचण होती. मी भिंतीला लागून बसतो, आणि भिंत माझ्या डावीकडे असते. ‘वा’ भिंतीतून आलं होतं. ती रात्र मी दिवा लावून झोपलो.

सकाळी काउंटर पुसताना आरसा दिसला आणि जीव भांड्यात पडला. आरशात बघून माइक लावले होते, म्हणजे डाव्याचा उजवा झाला होता! (चष्मेवाल्यानं करावी अशीच ही चूक, दुसऱ्या कुणाला जमणार नाही.) म्हणजे ‘वा’ भिंतीतून आलंच नव्हतं, उजवीकडच्या खुर्चीतून आलं होतं. मी शीळ घालत शटर वर केलं. अर्ध्यावर हात थांबला. माझ्या उजवीकडची खुर्ची तुमची, आणि तिच्यावर कोट होता.

मी फ्यूजकडे जाऊन माइक बिघडला आहे असं सांगितलं. तो म्हणाला, “माइक खोटं बोलत नाही साहेब, आणि स्वस्तातला तर मुळीच नाही. त्याला तेवढी अक्कल कुठली?” मग त्यानं महागातला एक माइक काढला. तो म्हणे नको असलेले आवाज आपोआप गाळतो, खोकला, पंखा, कुजबुज, सगळं. विकत घ्यायची माझी ऐपत नव्हती, म्हणून एका संध्याकाळपुरता मागून आणला आणि त्या महिन्यात दोन्ही लावून बसलो. सबंध मैफलभर मी गाणं सोडून कोटाकडे बघत होतो. बाही हलली नाही. मला काही ऐकू आलं नाही. खुर्चीजवळ पेपरमिंटचा वास आल्यासारखा वाटला, पण तो माझ्या मनाचा खेळ असेल असं मी त्याच मनाला सांगितलं.

महागाच्या माइकात मावशी एकटीच होती. पंखा नाही, खोकला नाही, तुम्ही नाही. स्वस्तातल्या जोडीत मात्र तुम्ही खाकरलात, पायावर पाय टाकलात, खुर्ची करकरली, गोळीचा कागद सोडलात आणि प्रत्येक जागेच्या आधी तुमचं ‘वा’ हजर. आता मावशीला यातलं कुठलं ऐकवावं? मी भित्रा माणूस, मी तिला स्वच्छ ऐकवलं.

डोळे तपासायच्या उंच खुर्चीत बसून तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं. विजेचं बिल वाचावं तसा चेहरा. हेडफोन काढून म्हणाली, “स्वच्छ आहे. घासून पालथं घातलेल्या भांड्यासारखं. मग थांबवतेच मी.” आणि पर्स उचलली. काका, तेव्हा मी तिच्या हातातून पर्स काढून घेतली (जन्मात पहिल्यांदा) आणि दुसरं रेकॉर्डिंग लावलं. काय ऐकू येणार आहे ते सांगायचा धीर झाला नाही.

पहिलं ‘वा’ आलं आणि मावशी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघून ओरडली, “अहो, अजून घेतली नाही मी!” मग स्वतःचाच हात तोंडावर ठेवला. त्यानंतर ती हलली नाही. दुपारच्या कडक उन्हात त्या खोलीत मला थंडी वाजत होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती, पण ती मजेतही होती, हे कसं सांगावं कळत नाही. प्रत्येक ‘वा’ला नाक मुरडत होती. शेवटच्या गाण्यात तिची ती वरची अवघड जागा आली, जी ऐकायला लोक येतात. मला दिवाणखान्यात कळलंच नव्हतं, साथीदारांनाही नाही, की त्या दिवशी मावशीनं ती घेतली नव्हती. वर जायच्या जागी खालच्या सोप्या वाटेनं उतरली होती. रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही गुडघ्यावर थाप मारलीत, भरघोस ‘वा’ म्हणालात, आणि मावशी खाली गेली.

पुढे तुमच्या बाजूनं काहीच नाही. खुर्चीही करकरली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तुम्ही नाही. मावशीनं हेडफोन मांडीवर ठेवले आणि म्हणाली, “वाट बघत बसलेत रे ते.”

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी ती एकच जागा घोटते आहे. आवाज फाटतो. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या आहेत. शनिवारी मैफल आहे. महागाचा माइक मी परत केला, स्वस्तातली जोडी विकत घेतली, आणि मावशीनं बजावलं आहे की हीच लावायची, आरशात न बघता.

बाकी विशेष नाही. तुमच्याकडच्या मंडळींना नमस्कार (कोण कोण आहे ते कृपया कळवू नये).

तुमचा,
भाचा

ता. क. खरी विनंती अशी, की शनिवारी त्या जागेच्या आधी ‘वा’ म्हणू नका. ओझं येतं हो तिच्यावर. आधी तिला घेऊ द्या, मग म्हणा. आवाज फाटला तरी म्हणा.

ता. क. २. पत्र ठेवायला कोटाच्या खिशात हात घातला, तर गोळीचा कागद निघाला. कोट कालच लॉन्ड्रीतून आला आहे. मी यावर विचार करणार नाही असं ठरवलं आहे. दोन गोळ्या ठेवल्या आहेत. त्या मात्र गाणं सुरू व्हायच्या आधीच सोलून घ्या, माइक तुमच्याच बाजूला आहे.

अहो, खालचं मी लिहिते आहे. कोट झटकताना हे सापडलं. पोरानं लिहिलंय चांगलं, पण त्याचं ऐकू नका. तुम्ही आधी म्हणायचात म्हणून तर मी वर जायची. ते ऐकलं की मागे फिरायची सोय उरायची नाही. त्या दिवशी मला ऐकूच आलं नाही. शनिवारी नेहमीच्याच वेळी म्हणा, फक्त जरा मोठ्यानं. माइकला नाही, मला ऐकू यायला हवं.