एका पुस्तकात दोघी

प्रिय शिडी,

अकरा वर्षांनी हे नाव कागदावर लिहिलं. तू आता आजी झालीस, शहरात लेकाकडे राहतेस, तिथे तुला या नावाने हाक मारणारं कोणी नसेल. पण दुसऱ्या कुठल्या नावाने सुरुवात करायला मला जमेना. दोन कागद फाडून झाले. आमचे हे बाजूला बसून म्हणाले, पत्र लिहितेस की भाजी निवडतेस. तू आयुष्यभर सायकलवरून गावाची पत्रं वाटलीस आणि माझ्याकडून तुला स्वतःला एक ओळ गेली नाही, हे काही बरं दिसत नाही. शिवाय मला गुरुवारच्या आत एक उत्तर द्यायचं आहे. चर्चमध्ये गायकांच्या दुसऱ्या पायरीवर, माझ्या डाव्या हाताची जागा तू गेल्यापासून रिकामी आहे. ऑर्गनवाले मास्तर विचारतायत, की ती आता औषधवाल्या बाईंच्या मुलीला द्यायची का. मुलगी गुणी आहे, आवाजही गोड आहे. पण जागा तुझी आहे, म्हणून तुला विचारल्याशिवाय मला हो म्हणता येईना.

आधी गावाची खबर सांगते, नाहीतर म्हणशील की बुटकी अजूनही नुसती स्वतःबद्दलच बोलते. आपलं चर्च मागच्या वर्षी साथीमुळे चार महिने पूर्ण बंद होतं. मग उघडलं, पण ते असं, की बंद होतं तेच बरं होतं. एक बाक सोडून एक बसायचं, सोडलेल्या बाकांना सुतळी बांधलेली. जायची वाट वेगळी, यायची वेगळी. सुताराने फरशीवर पांढरे बाण काढून दिले, त्यातला एक उलटा काढला, आणि पहिल्या रविवारी निम्मी मंडळी निमूटपणे सामानाच्या खोलीत जाऊन उभी राहिली. कोणी विचारलंही नाही. त्या दिवसांत माणसं बाण दिसला की चालायला लागायची. गाणं तर साफ बंद. तोंडावर मास्क आणि वर गायचं नाही. सरकारी पत्रकात गुणगुणण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून पाळकांनी पुष्कळ विचार करून गुणगुणायची परवानगी दिली. पन्नास माणसं मास्कआड गुणगुणायला लागली तर कसं वाटेल तूच बघ. दुसऱ्या कडव्याला पाळकांनाच हसू आलं आणि ते बंद झालं.

आता या उन्हाळ्यात एकेक गोष्ट सुटत चालली आहे. दोन आठवड्यांपूर्वी बाकांच्या सुतळ्या मी माझ्या स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापल्या. तरी लोक अजून मधलं बाक सोडूनच बसतात. प्रार्थनेनंतरचा चहा पुन्हा सुरू झाला, बाहेर गवतावर. सगळे कप हातात घेऊन नुसते एकमेकांकडे बघत उभे असतात. वर्षभर फक्त डोळे बघितलेले, त्यामुळे पाळकांनी दाढी ठेवली आहे हे निम्म्या गावाला त्या दिवशी कळलं. आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारपासून गाणं सुरू. मास्क नाही, अंतर नाही, सगळ्यांनी मिळून, मोठ्याने. मला किती बरं वाटतंय ते लिहून सांगता येत नाही. तसं आमचं सगळं ठीक आहे. हे थंडीत आजारी पडून उठले, आता बागेत खुर्ची टाकून दिवसभर शेंगांना सूचना देत असतात. आपल्या गायकांतले बेकरीवाले मात्र साथीत गेले. तुला कळलंच असेल. सुताराची बहीण तुझ्या लेकाच्या इमारतीत राहते ना, तिच्याकडून तुझ्या गुडघ्यांची खबर इथे येते, तशी आमची तिकडे जात असणार.

आता गाणं बंद होतं तर चालायचं कसं, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मास्तर नुसता ऑर्गन वाजवायचे, पण शब्दांशिवाय लोकांना करमेना. मग कोणाला तरी आठवलं, की चर्चला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा रेडिओ दुरुस्तीवाल्याने आपली आठ गाणी कॅसेटवर घेतली होती. कॅसेट माझ्या कपाटात होती. टेपरेकॉर्डर शाळेच्या स्वयंपाकघरातला, मी निवृत्त झाले तेव्हा मला दिलेला. त्यामुळे बटण दाबायचं काम माझ्याकडे आलं. दर रविवारी चार गाणी, चार वेळा बटण. चाळीस वर्षं मी पायरीवर उभी राहून गायले, आणि या वर्षी पहिल्यांदा बाकावर बसून ऐकलं.

पंचाहत्तरीच्या त्या दिवसाची मी तुला आठवण करून द्यायला नको. पण मला काय आठवतं ते तुला सांगायला हवं. आपण दोघी चौदा वर्षांच्या असल्यापासून एका पुस्तकात बघून गायलो. पुस्तकं कमी होती म्हणून आपल्याला शेजारी उभं केलं, आणि सगळी पायरी हसली. तू एवढी, मी एवढी. मला दिसावं म्हणून तू पुस्तक खाली धरायचीस आणि मान वाकवून गायचीस. पुढे पुस्तकं वाढली तरी आपण दुसरं घेतलं नाही. मग पंचाहत्तरी आली, आणि प्रत्येकाला निळ्या पुठ्ठ्याचं नवं कोरं पुस्तक मिळालं. तुला तुझं, मला माझं. शेवटचं गाणं, तिसरं कडवं. शेवटच्या ओळीआधी दोन मात्रांचा थांबा आहे, सगळं चर्च चूप होतं तिथे. आणि त्या शांततेत कोणीतरी एकटीच आधी घुसली. मास्तरांनी मान वळवून आपल्या पायरीकडे बघितलं. आणि मी वळून तुझ्याकडे बघितलं. तोंडाने काही बोलले नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल, आणि ते काही फार माझ्या बाजूचं नाही. त्या नुसत्या बघण्याने सगळ्यांना जे कळायचं ते कळलं. गाणं संपल्यावर तू ते कोरं पुस्तक पायरीवर ठेवलंस आणि खाली उतरलीस. बुधवारी सरावाला आली नाहीस. मी म्हटलं, चूक झाली ती झाली, वर राग कशाचा. मला वाटलं तू येशील, तुला वाटलं असेल मी येईन. त्यानंतर दोन वर्षं तू याच गावात होतीस, माझ्या दारात पत्रं टाकत होतीस, आणि पूर्वीसारखी हाक न मारता फटीतून आत सरकवून जात होतीस. मग तू शहरात गेलीस. मी निरोप द्यायलाही आले नाही.

तर कॅसेट. ते गाणं दर रविवारी लागायचं, आणि तिसऱ्या कडव्यात तो आवाज यायचा. किरटा, नाकातला, भलत्या वेळी घुसलेला. आणि मी मास्कआड हसायचे. लाज वाटते लिहायला, पण खरं आहे. मनात म्हणायचे, बघ, ही बघ, शिडीच. यांना घरी येऊन सांगायचे, आजही शिडीची चूक स्पष्ट ऐकू आली. हे म्हणायचे, अगं अकरा वर्षं झाली, कॅसेटसुद्धा विसरली असेल. नऊ महिने माझं असं चाललं होतं. माझा आवाज मला पक्का ठाऊक होता ना. सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पातेल्यांच्या वरताण ओरडलेली मी. माझ्या कानाला माझा आवाज चांगला भरदार लागतो.

मग या वसंतात पाळक म्हणाले, दारात उभं राहून त्याच त्या सूचना देऊन माझा घसा बसतोय, तुमचा आवाज खणखणीत आहे, तुम्ही त्या फोनमध्ये बोलून ठेवा, आपण दारात लावू. मी फुशारून बोलून दिलं. रविवारी टेपरेकॉर्डरपाशी बाकावर बसले होते, आणि दारातून कोणाचा तरी पिरपिरा आवाज यायला लागला. हात स्वच्छ करा. एका बाकावर दोघांनीच बसा. एका पुस्तकात एकानेच बघा. मला वाटलं, पाळकांना माझं पसंत पडलं नाही, दुसऱ्याच कोणाकडून करून घेतलं, आणि तेही असल्या नाकातल्या बाईकडून. मी यांना हळूच विचारलं, ही कोण. हे म्हणाले, कोण म्हणजे, तूच की. थट्टा करतायत वाटलं. पण शेवटी बाणांबद्दल बोलताना मी एकदा खोकले होते, तो खोकला आला. मग प्रार्थना झाली, मी बटण दाबलं, तिसरं कडवं आलं, आणि थांब्यात तीच दारातली बाई घुसली. पुढचं गाणं लावायचं होतं ते मी विसरले, आणि सगळी मंडळी मी काय करते ते बघत बसली.

घरी येऊन मी तेवढाच तुकडा नऊ वेळा ऐकला. हे चहा घेऊन बागेत निघून गेले. आधी माझा आवाज येतो, एकटा. मग बरोबर वेळेवर बाकीचे येतात, आणि त्यात अगदी जवळ, खालच्या सुरात, सरळ, तू आहेस. तू एक क्षणही आधी नव्हतीस. आणि शिडी, तुला हे तेव्हाच माहीत होतं. तू माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होतीस. मी वळले तेव्हा तू माझ्याकडे जे बघितलंस ते मी इतकी वर्षं अपराधी नजर समजत आले. तू एक शब्द बोलली असतीस तर सगळ्यांनी तुझं ऐकलं असतं. नाही बोललीस. का, ते मला विचारायचं धाडस नाही, पण मला वाटतं मला माहीत आहे. माझं चुकलं. गाण्यात चुकलं ते सोड, तुझ्याकडे वळून बघितलं ते चुकलं.

मागच्या बुधवारी पहिला सराव झाला, गवतावर, ऑर्गनशिवाय. मी ठरवून गेले होते. सगळे जमल्यावर उभी राहिले आणि सांगितलं, की पंचाहत्तरीच्या दिवशी आधी घुसले ती मी, शिडी नव्हे, आणि अकरा वर्षं तिच्यावर आळ राहिला तो माझ्यामुळे. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मास्तर म्हणाले, कुठली चूक. सुताराला आठवेना, औषधवाल्या बाईंना आठवेना. कॅसेटवर वर्षभर ऐकलं तरी कोणाच्या लक्षात आलेलं नाही. फक्त बेकरीवाल्यांच्या बायकोने मान हलवली. ती म्हणाली, मला ती जागा माहीत आहे, तुझ्या आवाजाच्या जरा आधी आमच्या ह्यांनी घेतलेला श्वास ऐकू येतो. कॅसेट मी त्याच दिवशी तिला देऊन टाकली. पण कळलं का तुला, गावाला ती चूक आठवत नाही. तू गेलीस एवढंच आठवतं, आणि का गेलीस ते कोणालाच उमगलेलं नाही. तो थांबा अकरा वर्षं फक्त आपण दोघींनी सांभाळला.

त्या मुलीसाठी तुला विचारायला पत्र लिहितेय असं मी वर म्हटलं, ते खोटं आहे. तिला पहिल्या पायरीवर जागा आहे, आणि तिथून तिला मास्तर नीट दिसतील. पत्र यासाठी, की शेवटच्या रविवारी आपण तेच गाणं म्हणणार आहोत. मी घरी पातेल्यावर पळी आपटून सराव करते आणि प्रत्येक वेळी आधीच घुसते. मला तो थांबा मोजता येत नाही. तू पुस्तकाच्या कडेवर अंगठ्याने दोनदा टिचकी मारायचीस, आणि मग मी गायचे. तीस वर्षं मी तुझ्या अंगठ्यावर गायले आणि मला वाटायचं की मला गाणं येतं. पंचाहत्तरीला दोन पुस्तकं होती आणि अंगठा माझ्या पुस्तकावर नव्हता, एवढंच झालं होतं. तू आली नाहीस तर मी खाली बाकावर बसेन. रागाने नाही, मला खरंच जमायचं नाही म्हणून. बस आता शनिवारी सुरू झाली आहे, दुपारी चारला चौकात येते, मी उभी असेन. पायऱ्यांना सुताराने कठडा बसवला आहे, मी त्याला तुझ्या उंचीचा करायला सांगितला, माझ्या काही उपयोगाचा नाही. दारातली ती सूचना पाळक त्या दिवशी काढतायत, त्यामुळे एका पुस्तकात दोघींनी बघायला आता कोणाची हरकत नाही. तू पायरीवर ठेवलेलं निळं पुस्तक मी तेव्हाच उचलून घरी आणलं होतं. ते घेऊन येते. मला दिसेल असं, थोडं खाली धर.

तुझीच,
बुटकी