कॅनॉलच्या चढासाठी हलकी सायकल

६ जानेवारी, सकाळ
रातभर झोपले न्हाई. माझी पोरगी आरती श्वास घेती का बघत बसले. मागल्या महिन्यात तापात तिला झटका आला. गाडी मिळस्तोवर व्हट निळे पडले हुते. नेवाशाचा दवाखाना नऊ किलोमीटर. हे ऊसतोडीला, शेजारबी तोडीला, मोबाईल ह्यांच्याकडं. आता कुनाची वाट बघायची न्हाई. ह्यांची सायकल हाय. पन लई जड, कॅनॉलच्या चढाला हालत न्हाई. हलकी करनार. आठ दिवसात.

७ जानेवारी
घंटी, चेनकव्हर, मडगार्ड, स्टँड, मागं बसायचं कॅरेज काढलं. बोट कापलं. चढाला निम्म्यात उतरले. वारं उलटं हुतं.

९ जानेवारी
अमृतदादा देवळालीहून पिकअप घेऊन आला. म्हनला, बये, सायकलीचं वजन काय उतरवती, आदी सोताच्या अंगावर मास चढव. मोबाईल ठेवून जातो म्हनला. मी म्हनले, मी काय लुळी हाय? घेतला न्हाई. दारामागं खडूनं नंबर लिवून गेला. पुसनार हुते. ऱ्हायलं.

१० जानेवारी
काढलेलं सामान गोनीत घालून अंगनवाडीच्या काट्याला लावलं. पाच किलो! तिथल्या चांगुणाबाई म्हनल्या, आगं, काटा पोरांचा हाय, पोरगी लाव. लावली. मागल्या बारीपरीस अर्धा किलो कमी भरली. लोखंडानं काटा बिघडला आसंल.

१२ जानेवारी
पंक्चरवाल्या आसारामभाऊंनी गियरच्या सायकलीचं अल्युमिनियमचं चाक बसवून दिलं. भंगारातलं. बदल्यात गोनी दिली. म्हनले, वहिनी, मागं काय बसवनार मग? मी म्हनले, वारं. लई हसले.

१४ जानेवारी, संक्रांत
चढ एका दमात चढले. आरतीला चांगुणाबाईंकडं ठेवलं हुतं. आता भ्या न्हाई.

१५ जानेवारी, पहाटं पाच
आरतीला ताप. डोळं फिरवती. सायकल काढली. हिला बसवायची कुठं? कॅरेज न्हाई. पाठीला बांधली तर मान लोंबती. एका हातानं धरली तर हँडल ऱ्हात न्हाई. सायकल भिताडाला टेकवली. पडली. स्टँडबी न्हाई.
कडंवर घेऊन चालत निघते. वही दारातल्या डेअरीच्या किटलीवर ठेवते, दार उघडं ठेवते. दूधवाला सहाला येतो, तवर थांबवत न्हाई.
जो कोन वाचंल त्यानं दारामागचा नंबर लावा. माझा भाऊ हाय, अमृत. त्याला म्हनावं, बहीन कॅनॉलच्या रस्त्यानं चालली हाय, पोरगी कडंवर हाय. पिकअप घेऊन ये.