ठोकबा म्हणणारी दुसरी

रवि. ५ नोव्हेंबर १९६१, बाभुळगाव
सकाळच्या मोटारीने आले. आजोबांचे डोळे आता गेल्यातच जमा. कानही जड. कानाशी ओरडावं लागतं, मग आवाज सगळ्यांचे सारखेच. माणूस ओळखतात ते हाकेवरून. काकू ‘मामंजी’. तिची इंदू ‘आबाजी’. ‘ठोकबा’ फक्त मी. लहान असताना त्यांची सुतारकामाची ठोकठोक दिवसभर चालायची, तेव्हापासून. आमच्यात एकाची हाक दुसरा घेत नाही.
मी ओरडले. लगेच, “इमल आली!”

मंगळ. ७, यवतमाळ
ऑफिसात पुलाचा नकाशा ट्रेसिंग कापडावर उतरवला. शाई पसरून एकही रेघ फुटली नाही. सरळ रेघ मला आजोबांनी शिकवली. इंदूला नाही.

रवि. १२, बाभुळगाव
दारात चपला काढत होते. आत इंदू त्यांच्या कानाशी: “ठोकबा, आ करा!” त्यांनी केला.
ती बाहेर आल्यावर विचारलं, हे काय.
“आबाजी म्हटलं त खातच नाई वं बाई. तोंड मिटून बसतेत. तुही हाक मारली त वाटीभर कण्या खाल्ल्या. काय बिघडलं? तू कुठं राह्यते इथं?”
बरोबर आहे. जेवले पाहिजेत.

गुरु. १६
म्हणजे आठवड्यातले सहा दिवस ते तिला मीच समजून तिच्या हातून जेवतात. इंदूला पत्र लिहिलं, चार ओळी. टाकलं नाही. वीस वर्षं माझी हाक. तिला दुसरी हाक—

रवि. १९, बाभुळगाव
इंदू विहिरीवर गेली होती. कण्यांची वाटी मी घेतली. मुद्दाम ‘आबाजी’ म्हटलं. तोंड मिटतात का, ते पाहायचं होतं.
मिटलं नाही. हसले.
“आज काहून आबाजी, इंदे? ठोकबाच म्हन. बरं वाटते मले.” एक घास झाल्यावर, “फक्त इमलसमोर नको म्हनू. तिले लागन.”
ठोकबा म्हणत भरवते ती इंदू, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.
मी कानाशी वाकून “हो आबाजी” म्हटलं. वाटी संपवली. तोंड पुसलं. इंदू आली तेव्हा मी मोटारीच्या वाटेला लागले होते.

शनि. २५, यवतमाळ
आज कापडावर दोन रेघा फुटल्या. खरवडून काढल्या, डाग राहिला.
उद्या सकाळची मोटार. जाणार आहे. त्यांच्या कानाशी वाकून काय म्हणायचं, ते—