बेचाळीस नंबरचा खण

सोम., ६ जाने. मुलुंड
मिळालं! जुन्या फ्रेंच फर्निचरचा कॅटलॉग, फ्रेंचमधून इंग्रजीत, साठ वस्तू. पुढच्या सोमवारी द्यायचाय. आवडला तर एजन्सी या क्लायंटचं वर्षभराचं काम मलाच देणार. म्हणजे औषधांच्या डब्यांतल्या कागदांच्या भाषांतराला कायमचा रामराम! दुपारी घरात चक्क नाचले. बाबा बघत बसले.

मंगळ., ७
पहिल्याच पानावर वाट लागली. फोतोय आणि बेर्जेर, डिक्शनरीत दोन्हींना नुसतं आर्मचेअर. मग किमतीत एवढा फरक का? बाबांनी मागून डोकावून फोटो पाहिले. "एकात हाताखालसून आरपार दिसता. दुसरी खुर्ची बाजूक गादीन बंद." संपलं! एक ओपन आर्मचेअर, दुसरीला बेर्जेरच ठेवायचं. पंचेचाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस घरात, आणि मी नेटवर शोधत बसलेय. हात थरथरायला लागल्यापासून बाबा दोन वर्षं हत्यारांच्या पेटीला शिवले नाहीत. आज दिवसभर चष्मा नाकावर.

गुरु., ९
खणाच्या कोपऱ्यातला तो दात अडकवलेला सांधा. इंग्रजीत डव्हटेल, म्हणजे पारव्याची शेपटी, फ्रेंचमध्ये पाकोळीची. बाबांना सांगितलं तर खो खो हसले. "सांधो घट्ट बसलो म्हणजे झाला, पक्षी खंयचोय असूंदे." एकतीस वस्तू झाल्या. मजा येतेय यार.

शनि., ११
नं. ४२. खणांचं कपाट, अठराव्या शतकातलं, 'संपूर्ण हातकाम'. उघड्या खणाचा फोटो आहे. बाबांनी जवळ येऊन पाहिला. मग म्हणाले, "चेडवा, ह्या मशीनचा काम. हातान कापलेलो सांधो असो एकसारखो नसता."
फोटो मोठा केला. सगळे दात तंतोतंत सारखे! नं. १७ चे मात्र वेडेवाकडे. अठराव्या शतकात कुठलं मशीन? खण नंतर बदललेला असेल, असंही बाबाच म्हणाले. पण मग तसं लिहायला नको?

रवि., १२
एजन्सीच्या निकिताला फोन. "अगं, तू ट्रान्सलेट कर ना! तपासायला कोणी सांगितलंय? क्लायंट भडकला तर काम जाईल हं." चूक नाही तिचं.
बाबांनी ऐकलं. "तुझा काम जायत तर लिवू नको." चष्मा डबीत घालून गॅलरीत जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं.

सोम., १३
पाठवलं. नं. ४२ चं भाषांतर जसंच्या तसं, एक शब्द बदलला नाही. खाली वेगळी टीप: खणाचे सांधे यंत्राने कापलेले वाटतात, कृपया तपासावेत. निरीक्षण, सुतार महादेव मेस्त्री.
बाबांना वाचून दाखवलं. "माझा नाव कित्याक घातलंस?" म्हणाले. दोन मिनिटांनी, "परत वाच बघू."

मंगळ., १४
संक्रांत. उत्तर नाही. निकिताला मेसेज टाकला, तिने वाचलाय. बाबांनी पेटी काढली, करवत पुसली, परत ठेवली.

बुध., १५
आत्ता ११.२० ला निकिताचा मेल. तिचा स्वतःचा एक शब्द नाही, फक्त क्लायंटचं पत्र पुढे पाठवलंय. भाषांतराबद्दल बरं-वाईट काहीच नाही. एवढंच, की सोबत खणाचे आणखी नऊ फोटो आहेत, मेस्त्रींना दाखवाल का?
काम राहिलं की गेलं, काही कळत नाही. बाबा भाजी आणायला गेलेत, त्यांचा मोबाइल इथेच चार्जिंगला. चप्पल घालते, मार्केटमध्येच गाठते त्यांना. त्यांचा चष्मा घेतलाय.