एर्नाचा दिवस

गुरु., १८ ऑगस्ट १९६०
वाचनालयातल्या कपाटाची वरची फळी मोकळी केली. तिथे डॉ.बाईंच्या धाकट्या बहिणीच्या तीन वस्तू मांडल्या. लोकरी हातमोजा, एकच. गणिताची वही. तिच्याकडून आलेलं शेवटचं कार्ड. कमिटीने त्या कपाटाला 'संग्रहालय' नाव दिलंय, म्हणजे मी आता नुसती झाडलोटवाली राहिले नाही. दर शनिवारी मुलींच्या शाळेचा एक वर्ग येणार. व्हिएन्नातल्या ज्यू लोकांचं काय झालं ते मी सांगायचं. मी, जी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचायला शिकले!
डॉ.बाई तिथून जीव वाचवून आल्या, वीस वर्षं पनवेलात दवाखाना चालवतात, पण ह्या बहिणीचं, एर्नाचं नाव मी यंदा पहिल्यांदा ऐकलं. स्वतः यायला नाही म्हणाल्या. वर अट, त्यांच्या मराठीत: "महिनाभर ठेवा. मुली माझा कीव करत घरी गेले, तर वस्तू परत."

शनि., २० ऑगस्ट
फजिती. सगळं पाठ केलं होतं. आगगाड्या, छावण्या, मेलेली लाखो माणसं, सुरुवातच तिथून केली. दोघी रडायला लागल्या. शाळेच्या मोठ्या बाई वर्ग अर्ध्यातून घेऊन गेल्या. पुन्हा पाठवतील की…

सोम., २२ ऑगस्ट
डॉ.बाईंना खरं ते सांगितलं. वाटलं, वस्तू आजच जाणार. त्या म्हणाल्या, "तुम्ही तिला मेलेला आणलं वर्गात. आधी जिवंत आणा."
मग तासभर एर्ना. गणितात ढ. वहीच्या शेवटच्या पानावर मास्तरांचं चित्र, गाढवाचे कान लावून. बाहेर पेशंट खोकत बसलेले आणि आम्ही दोघी आत हसतोय. घरी आले तर ह्यांना सांगायला तोंड उघडलं होतं. ह्यांना जाऊन चौदा वर्षं झाली तरी सवय जात नाही.

शनि., ३ सप्टें.
मोठ्या बाईंनी सातवी पाठवली, स्वतः दारात उभ्या. मी हातमोजा दाखवला. एकच का? मुलींनी एकेक भयंकर कारण सांगितलं. म्हटलं, दुसरा तिने हरवला, दर हिवाळ्यात हरवायची आणि आईचा मार खायची. वर्ग खो खो. विचुंबे गावाहून येणारी कुंदा म्हणाली, "मंग ती आमचेसारखीच हाय."
गाढवाच्या कानांपाशी मोठ्या बाईंनाही हसू आलं. मग कार्ड. मग सांगितलं. ज्यू होती म्हणून नेली. तिला एकटीला नाही, गल्ल्याच्या गल्ल्या, तान्ही मुलंसुद्धा. याद्या करून, ठरवून मारली.
कुंदा: "तिनं काय केलं व्हतं?"
काही नाही. कुणीच काही केलं नव्हतं.
"नि शेजारची काय करत व्हती?"
काहींनी लपवलं, पुष्कळांनी दारं लावून घेतली. वाचलंय तेवढंच सांगू शकले. कुणी रडलं नाही. उलट प्रश्न संपेनात. घंटा झाली तरी कुणी उठेना.

शनि., १० सप्टें.
नववी. गाढवावरच दहा मिनिटं. कुंदा आपला वर्ग नसताना येऊन बसली आणि मी हातमोज्याचं विसरले तर मागून आठवण करून दिली.

शनि., १७ सप्टें.
महिना भरला. पुन्हा सातवी. डॉ.बाई न सांगता आल्या, मागच्या बाकावर बसल्या. सुईच्या आठवणीने निम्म्या मुलींनी दंड झाकून घेतले.
कार्ड झालं. कुंदाने त्यांनाच विचारलं, "एर्नाताईची तिथी कंची?"
"माहीत नाही. वर्षसुद्धा नक्की नाही."
मी मनात म्हटलं, संपलं, आता कीव. पण कुंदा सरळ म्हणाली, "मंग सर्वपित्रीला करायचं. या मंगळवारी. आमचा काका होरी घेऊन खाडीत गेला तो आलाच नाय. आमी त्याचं तवाच करतो."
मग खीर की वडे यावर भांडण. तिला गोड आवडायचं का? तिकडे कावळे असतात का? "आहेत," डॉ.बाई म्हणाल्या, "माझ्यासारखे. जाडे." सगळ्यांत मोठ्याने त्याच हसल्या.
ह्यांची तिथी मला पाठ आहे. त्याचं आजवर काही विशेष वाटलं नव्हतं.
जाताना तिन्ही वस्तू मागून घेतल्या. कीव तर कुणी केली नव्हती, मग का? रुमालात बांधून दिल्या.

मंगळ., २० सप्टें., सर्वपित्री
दवाखान्याला सुट्टीची पाटी. मागच्या दाराने गेले. ओट्यावर दिवा, कुंदाच्या आईने पाठवलेली खीर, आणि कुंदा कंबरेवर हात ठेवून डॉ.बाईंना रागावतेय. भिंतीवरच्या कॅलेंडरात आजच्या चौकोनात त्यांनी आपल्या लिपीत काहीतरी लिहिलं होतं. "इकडच्या अक्षरात लिवा. आमाला वाचाया कसं येल?"
डॉ.बाईंनी खाली लिहिलं. 'एरना'. रफार राहिला. कुंदाने चालवून घेतलं.
तिघी खीर खात बसलो. निघताना डॉ.बाई म्हणाल्या, "शनिवारी कितवी?"
म्हटलं, आठवी.
"आठवी फार बडबड करतात."
एवढंच. वस्तू टेबलावर होत्या, हातमोजा वहीवर. द्या म्हणावंसं वाटलं. मग कळलं, शनिवारी त्या स्वतःच घेऊन येणार.