दाढीवाला आणि मेंढरांची कातर

आबा,

नातीनं कुत्र्याचं पिल्लू आणलंय. टेरिअर. मी तर बघून हसतच सुटले. आपल्या दाढीवाल्याचाच राठ केस, तीच दाढी, तेच बीळ दिसलं की नाक खुपसणं. आल्यापासून माझी तुळशीची कुंडी दोनदा उकरून झाली. सून वैतागली, मी मात्र लई खूश. पण काल नात म्हणाली, "आजी, किती ऊन आहे, हिचे सगळे केस कापूया का गं?" मी म्हटलं, उद्यापर्यंत थांब. म्हणून तिच्याच वहीची पानं मागून घेतली. तिसरी शिकलेली बाई मी, ओळ वाकडी जाईल, चालवून घ्या.

दुष्काळात मेंढरं विकून तुम्ही आम्हाला सोलापुरात आणलंत, मिलच्या साहेबाच्या बंगल्यावर रातपाळीच्या राखणीला लागलात. मागं एक खोली मिळाली. मेंढरं गेली, पण कातर तेवढी आणलीत आणि दाराआड खिळ्याला लावलीत. ती धरायची दादानं. मी मागितली की म्हणायचात, "पोरीच्या जातीला कातर कशाला?" त्यावर आई हसायची, ते जास्त लागायचं बघा.

साहेब आणि बाई पुण्याला गेले आणि त्यांचं कुत्रं आपल्या हवाली करून गेले. दाढीवाला हे नाव तुम्हीच ठेवलेलं. वैशाख आहे. रात्रभर जागून तुम्ही झोपलाय. दाढीवाला जीभ काढून धापा टाकतोय. मी कातर काढते, तुम्ही मेंढरू धरता तसा त्याला गुडघ्यांत धरते आणि मानेपासून शेपटीपर्यंत सगळी लोकर उतरवते. तुम्ही उठलात तोवर कातर परत खिळ्याला लावली होती.

"कुणी कातरलं?"

"मी. उकडत हुतं की त्याला."

तुम्ही त्याच्या पाठीवरनं पंजा फिरवलात. "कुटं चिमटा न्हाय की गं! ए, बघ रं तुजी भन. मुक्या जनावराची माया हाय पोरीला." दादाचं तोंड एवढंसं झालं.

दाढीवाला रोजच्यासारखा भर दुपारी कुंपणाजवळ घुशीचं बीळ उकरत बसला. अंगावर आता केस कुठला? दुसऱ्या दिवशी पाठ लालभडक, तिसऱ्या दिवशी फोड. दूधभाकरीला तोंड लावेना. आणि चौथ्या दिवशी फाटकात गाडी वाजली.

"कुणी केलं हे?" बाई ओरडल्या. मी पुढं व्हायच्या आत तुम्ही म्हणालात, "म्या, बाईसाहेब. मेंढरागत कातरलं."

"हे मेंढरू आहे का? अहो, याचा केस कातरायचा नसतो, मेलेला तेवढा चिमटीनं उपटायचा! हे दगावलं तर खोली रिकामी करा."

कुठं जाणार होतो आपण? गावातल्या विहिरीत चिखलसुद्धा उरला नव्हता. आईनं भांडी पोत्यात बांधून ठेवली, रोज चार काढायची आणि परत बांधायची. तुम्ही त्याला खोबरेल लावायचात, ओलं फडकं बदलायचात, मला एका शब्दानं बोलला नाहीत. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याचं पोट हलतंय का, एवढंच बघत मी बसून असायची.

नवव्या दिवशी सकाळी दारात खरखर वाजलं. दाढीवाला आईचं सारवलेलं अंगण उकरत होता. आई ओरडली नाही, पोतं सोडायला बसली.

नवा केस आला तो कोकराच्या लोकरीसारखा मऊ, रंगही फिका. पुढं बाईंनीच मला चिमटीनं उपटायला शिकवलं, आणि साहेबाची बदली झाली तेव्हा कुत्रं माझ्याच मांडीवर ठेवून गेल्या. तुम्ही मात्र जन्मभर तेच सांगत राहिलात, माझ्या सासरच्यांनासुद्धा, "हिला मुक्या जनावराची लई माया." मी मान खाली घालायची. त्यांना वाटायचं, पोर लाजते.

आज नातीला ओसरीत बसवलं, चिमटीत केस कसा धरायचा ते दाखवलं. कातर दादाकडनं मागून आणलेली आहे, ट्रंकेत असते. तिच्याच फडक्यात हा कागद ठेवते. आबा, त्याला उकडत होतं ते खरं, पण ते रोजच उकडत होतं, मी कधी ढुंकून बघितलं नव्हतं. मला कातर धरायची होती. आणि पहिली बट खाली पडली तेव्हा लई बरं वाटलं होतं.